हो हो, मांजरीसाठीच

मिन्को रायचेवचं डोकं फिरलेलं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढं पुढं खुद्द मिन्कोलाही तशी खात्री देता येईना. आमच्या गाब्रोवो शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात मीटरच्या तक्रारी ऐकणं हे त्याचं काम. लोक दिवसभर त्याच्या खिडकीशी येऊन ओरडायचे, तो ऐकून घ्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत असा बसायचा, की त्याची बायको यान्का आधी खांद्याला हात लावून बघे आणि मगच ताट वाढे. माणूस दमलेला होता, दुसरं काही नाही. पण दमलेला माणूस आणि बिघडलेला माणूस यांतला फरक लांबून कळत नाही, आणि गाब्रोवोत सगळे लांबूनच बघतात. जवळ गेलं तर कॉफी पाजावी लागते.

या सगळ्या भानगडीचं मूळ म्हणजे लुकान्का. लुकान्का हे खरं तर आमच्याकडच्या सुक्या, दाबून चपट्या केलेल्या सॉसेजचं नाव. मिन्कोच्या मुलीनं, कालिनानं, ते मांजरीला दिलं, कारण पिल्लू असताना ती तशीच लांबट, चपटी आणि तांबूस होती. पुढं कालिना शिकायला व्हिएन्नाला गेली आणि जाताना "बाबा, थोडेच दिवस सांभाळा हं," म्हणून मांजर ठेवून गेली. मुलांच्या थोड्या दिवसांचा हिशेब कुठल्याच आईबापाला कधी लागलेला नाही.

तर ही लुकान्का पोट चाटायला लागली. चाटून चाटून तिनं पोटावर तळहाताएवढं टक्कल पाडलं. कालिनानं फोनच्या पडद्यावर ते पाहिलं आणि ती रडायलाच लागली.

"बाबा, ती दुःखी आहे!"

"अगं, झोपलीये ती."

"दुःखी जीव झोपूनच असतात, बाबा! तुम्हाला कळत कसं नाही?"

हे वाक्य घरातल्या आणखी एका जिवाला लागू पडतं असं मिन्कोच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, लुकान्काला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेला.

तिथली डॉक्टरीण वयानं कालिनाएवढीच होती. तिनं मांजरीचे कान पाहिले, दात पाहिले, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाली, "आजार काही नाही. कंटाळलीये."

मिन्कोला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "कंटाळलीये म्हणजे?"

"दिवसभर करते काय?"

"झोपते. खाते. खिडकीत बसते."

"बघा! डोक्याला कामच नाही. मांजर म्हणजे शिकारी जात, आणि तुम्ही वाडगा भरून पुढ्यात ठेवता. तिला नाक वापरायला लावा. खाऊ लपवा, वास लावून ठेवा, शोधू दे तिला. नाक चाललं की डोकं चालतं."

माझं डोकं दिवसभर चालतं, त्याचं काय झालंय ते या बाईला दाखवावं, असं मिन्कोला वाटून गेलं. डॉक्टरणीनं कपाटातून दोन-तीन सुकलेल्या पाल्याच्या पुरचुंड्या काढल्या आणि एकेक करून लुकान्काच्या नाकाशी धरल्या. लुकान्का ढिम्म. शेवटची पुरचुंडी दिल्यान्काची होती. दिल्यान्का, म्हणजे व्हॅलेरियनची मुळी. माणसाला ती झोप आणते आणि मांजराला नाचवते. वास मात्र दोघांनाही एकच येतो: आठवडाभर पायात राहिलेल्या मोज्यांचा. लुकान्कानं तो घेतला मात्र, आणि वर्षभर उशीसारखं पडून असलेलं ते जनावर टेबलावर लोळायला लागलं, पुरचुंडीला गाल घासायला लागलं, डॉक्टरणीच्या बाहीला मिठी मारायला लागलं.

"सापडलं औषध!" डॉक्टरीण म्हणाली. "पण बाटलीतले थेंब आणू नका हं, त्यात दारू असते. सुकी मुळी आणा, फडक्यात घट्ट बांधा. खायला नाही द्यायची, फक्त हुंगायला. वास उडाला की बदलायची. आणि ही बघा हुंगायची चटई. हिच्या झिरमिळ्यांत खाऊ लपवायचा."

मिन्कोनं चटई हातात घेतली, मागची चिठ्ठी वाचली आणि तवा तापलेला निघावा तशी चटकन खाली ठेवली. रबराच्या तुकड्याला चिंध्या बांधलेल्या, त्याचे इतके पैसे! गाब्रोवोचा माणूस असली वस्तू घरी करतो.

शनिवारी तो कामाला लागला. मोरीतली भोकाभोकांची रबरी जाळी घेतली. चिंध्यांसाठी मऊ कापड हवं होतं, म्हणून कपाटात शोधाशोध केली आणि एक जाडसर गुलाबी गाऊन कापायला घेतला. निम्मा कापून झाल्यावर यान्का आत आली.

"माझा गाऊन आहे तो, मिन्को."

"तूच म्हणालीस ना, जुना झालाय?"

"जुना झालाय म्हणजे मला नवा हवाय. मांजरीला द्या असा त्याचा अर्थ होत नाही."

तिनं उरलेला निम्मा गाऊन उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत त्याच्यापुढं टाकला. अर्ध्या गाऊनचं ती तरी काय करणार! रविवार संध्याकाळपर्यंत मिन्कोच्या बोटांना फोड आले आणि चटई तयार झाली. दिसायला ती पावसात भिजलेल्या गुलाबी मेंढीसारखी दिसत होती, पण तिच्यात खाऊ लपत होता.

इमारतीत अशी गोष्ट लपून राहत नाही. शेजारच्या घरातली त्सोना मावशी वाटीभर साखर मागायला आली आणि साखर विसरून चटईपाशीच उभी राहिली. "आमच्या गावाकडे मांजरीला मन नव्हतं हो," ती म्हणाली. "उंदीर होते. एक उंदीर आणून सोड घरात, सगळं ठीक होईल." वरच्या मजल्यावरचे स्तान्यो काका रेल्वेतून निवृत्त झालेले. इंजीन सोडलं तर जगातलं काहीही आपल्याशिवाय नीट चालत नाही असं त्यांचं मत. त्यांनी सांगितलं, "मुळ्याबिळ्या कसल्या घालतोस? धुरावलेल्या बांगड्याचं डोकं घाल. बघ कशी धावते!" थोरामोठ्यांचा मान राखायचा म्हणून मिन्कोनं बांगड्याचं डोकं घातलं. लुकान्कानं ते एकदा हुंगलं आणि ती पलंगाखाली जाऊन झोपली. मग यान्कानं चटई यंत्रात धुतली, त्याच यंत्रात नंतर मिन्कोचे शर्ट धुतले, आणि तो आठवडाभर तक्रारीची रांग खिडकीपासून चार पावलं मागं सरकून उभी राहिली. त्यात काही वाईट झालं असं मिन्कोला वाटलं नाही.

मग तो दिल्यान्का आणायला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला, आणि खरी कथा इथून सुरू होते.

दुकानात बोझाना बाई होत्या. मिन्कोला त्या लहानपणापासून ओळखत. त्याच्या बापाचा रक्तदाब, आईचे गुडघे आणि त्याची स्वतःची आम्लपित्ताची गोळी, सगळं त्यांना तोंडपाठ. मागं चार जणांची रांग, रांगेत त्सोना मावशी.

"दिल्यान्काची मुळी आहे का? सुकी?"

"आहे की. चहा करायचाय?"

"नाही, मांजरीसाठी हवीये."

मागची रांग कान देऊन पुढं झुकली. बोझाना बाईंनी चष्मा खाली केला आणि आवाजही. "झोप लागत नाही का रे, मिन्को?"

"मला लागते. म्हणजे, मांजरीलाही लागते. झोपेचा प्रश्नच नाहीये, बाई. ती हुंगते."

"बरं."

"चटईत बांधायची असते. डोक्याला काम म्हणून."

"हो हो," बोझाना बाई म्हणाल्या आणि पुडी त्याच्या हातात देताना त्यांनी त्याचा हात जरा थोपटला. "मांजरीसाठीच."

आता यात बाईंचाही दोष नाही. हिवाळ्यात दार लवकर लावता यावं, घरातली ऊब वाया जाऊ नये, म्हणून आम्ही गाब्रोवोचे लोक मांजराचं शेपूट तोडतो, अशी आमची थट्टा सगळा मुलूख करतो. आम्हीही ती पाहुण्यांना हौसेनं सांगतो, कारण चहापेक्षा विनोद स्वस्त पडतो. अशा गावात एक पोक्त माणूस मांजरीच्या मनोरंजनासाठी औषधाच्या दुकानात खर्च करतोय, यावर कोण विश्वास ठेवणार? त्यापेक्षा त्याचं डोकं फिरलंय हे पटायला सोपं.

इकडे घरात मात्र चमत्कार झाला. मिन्कोनं मुळीच्या पुरचुंड्या बांधून चटईत खोचल्या, भोवती खाऊ पेरला, आणि लुकान्का पोट टेकून, मिशा पुढं काढून, वाघिणीसारखी त्या गुलाबी जंगलात शिरली. एक दाणा सापडला की फुत्कारायची, पुन्हा शोधायची. शेवटी उताणी पडून पायांनी चटईला लाथा मारायला लागली. यान्का हसता हसता खुर्चीवर बसली. मिन्कोही हसला. आपल्याला हसू येतंय याचं त्याला इतकं नवल वाटलं, की तो मधेच थांबला आणि मग परत हसला.

तिथंच तो फसला. कारण आता त्याला छंद लागला. अंड्यांचे पुठ्ठे, कागदाच्या नळ्या, खिळे ठेवायची छोटी खणांची पेटी, सगळ्याला वास लावून झाला. कुठल्या खणात मुळी, कुठल्यात पुदिना, कुठल्यात नुसतीच फसवणूक. ऑफिसातून आल्यावर खुर्चीत कोसळणारा माणूस जमिनीवर बसून पुरचुंड्या बांधायला लागला. लुकान्काच्या पोटावर मऊ लव फुटली. पण वास उडायचा, आणि मिन्को पुन्हा बोझाना बाईंपुढं उभा राहायचा. दर वेळी त्या हात थोडा जास्त वेळ थोपटायच्या. शेवटी तर त्यांनी पुडी काउंटरवर ठेवून वर हात ठेवला.

"देते. पण मिन्को, एकदा डॉक्टरांशी बोल. माझ्या भावजयीचंही असंच सुरू झालं होतं. ती म्हणायची, कॅनरी पक्ष्यासाठी."

"बाई, पण माझ्याकडे खरोखरच मांजर आहे!"

"तिच्याकडेही कॅनरी होता रे."

त्या दिवशी तो दुकानातून तणतणत बाहेर पडला. पुडी कोटाच्या खिशात होती आणि तिचा कोपरा फाटलेला होता. पुलापाशी त्याला वाटलं कुणीतरी मागं आहे. वळून पाहिलं तर एक काळं मांजर. बेकरीपाशी दोन झाली. इमारतीच्या दाराशी पोचेपर्यंत पाच-सहा मांजरं त्याच्या मागं शेपट्या उभ्या करून चालत होती, एक तर कोटाला लोंबकळत होतं. मिन्कोच्या मनात आलं, बरं झालं! आता तरी लोकांना कळेल वास कुणाला हवाय. दारात स्तान्यो काका उभे होते. त्यांनी ती वरात पाहिली, टोपी काढली आणि खिन्न होऊन म्हणाले, "अरेरे, पोरा. आता मुकी जनावरंही तुझी सोबत करायला लागली."

मग इमारतीनं त्याला मायेनं छळायला सुरुवात केली. लिफ्टचं दार त्याच्यासाठी कुणीतरी धरून ठेवी. वरच्या घरातला ढोलकी शिकणारा माणूस ढोलकी शिकायचा थांबला. जिन्यात बोलणाऱ्या बायका तो आला की हवापाण्यावर यायच्या. आणि त्सोना मावशी एक दिवस कोंबडीचं सूप घेऊन आली. नेमकी ती आली तेव्हा मिन्को चारी पायांवर होता. चटईतल्या पुरचुंड्या अजून वास देतात का बघायला तो नाक झिरमिळ्यांत खुपसून, डोळे मिटून, जोरजोरात श्वास घेत होता. यान्कानं दार उघडलं. मावशी पातेलं धरून दारातच थिजली.

मिन्कोनं मान वर केली. नाकाला गुलाबी धागा चिकटलेला होता.

"मावशी, मी वास तपासत होतो."

"हो रे बाळा. तपास, तपास."

"मांजरीसाठी."

"सूप गरम आहे तोवर पी हं. चमच्यानं पी," असं म्हणून ती पातेलं यान्काच्या हातात देऊन, डोळे पुसत निघून गेली.

गाब्रोवोत कुणी फुकट सूप देतं म्हणजे मामला किती गंभीर आहे, हे यान्कालाही उमगलं. जेवताना पाव मोडता मोडता तिनं विचारलं, "मिन्को, खरं सांग. सगळी मुळी मांजरीलाच घालतोस ना?"

गावानं काहीही म्हणावं, पण यान्कानं? जिनं गाऊन दिला, जी त्या चटईपाशी बसून हसली, तिनं? मिन्कोनं चमचा खाली ठेवला. त्याला रागावायचं होतं, पण राग यायलाही अंगात जोर लागतो. "तू तर बघतेस ना रोज," एवढंच तो म्हणाला.

"बघते. मांजर रोज ताजीतवानी होते, तेही बघते. आणि तू आंघोळ करतानाही डोळे मिटून उभा असतोस, तेही. म्हणून विचारलं."

मिन्कोनं चमचा परत उचलला आणि तो सूप ढवळत बसला. लुकान्का मात्र खणांच्या पेटीतून दाणे काढत होती आणि तिचं कुणाशीच वाकडं नव्हतं.

ऑफिसात याहून अवघड झालं. विभागप्रमुख हाजिएव साहेब लवकरच निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मिन्कोलाच मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. खुर्ची खिडकीपासून लांब होती, तिला दार होतं आणि दाराला कडी होती. बस्स, मिन्कोला आयुष्यात आणखी काही नको होतं. पण कोटाचा वास ऑफिसभर पसरला होता आणि वासाच्या आधी बातमी पोचली होती. दर महिन्याला येऊन टेबलावर मूठ आपटणारे एक आजोबा त्या दिवशी आले, मूठ उचलली, मिन्कोच्या तोंडाकडे पाहिलं आणि मूठ खिशात घातली. "जाऊ दे रे," ते म्हणाले. "पाण्याचं काय एवढं. तब्येत सांभाळ." त्यांच्या मागच्या दोघींनीही आपल्या तक्रारी परत घेतल्या. संध्याकाळपर्यंत तक्रारींचं टेबल रिकामं झालं. विभागाचा कारभार इतका सुरळीत कधीच चालला नव्हता, आणि तक्रारीच नाहीत म्हणून विभाग बंद पडायची भीती मात्र आता पहिल्यांदा निर्माण झाली.

हाजिएव साहेबांनी त्याला आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि पाण्याचा पेला स्वतः भरून दिला.

"मिन्को, मी तुला मुलासारखा मानतो."

"साहेब, मांजरीसाठी आहे ते."

"मी काही विचारलंय का? नाही ना. फक्त एक कागद आण. मनाच्या डॉक्टरचा. कामास योग्य, एवढंच लिहिलेलं. म्हणजे खुर्चीचं बोलायला माझं तोंड मोकळं. नाहीतर लोक म्हणतील, शहराचं पाणी कुणाच्या हातात दिलं."

कागद! मिन्को आधी घरच्या डॉक्टरांकडे, डॉक्टर ताचेवांकडे गेला, कारण त्यांच्या चिठ्ठीशिवाय मनाचा डॉक्टर कुणाला दारात उभं करत नाही. ताचेवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. "तुला काही झालेलं नाही."

"मग तसंच लिहून द्या."

"तसं मी लिहू शकत नाही. मनाचं मनाच्या डॉक्टरनं लिहायचं."

"मग त्यांच्याकडे पाठवा."

"कशावरून पाठवू? चिठ्ठीत लक्षण लिहावं लागतं. तुला लक्षण कुठाय?"

"नाही. म्हणूनच तर कागद हवाय."

"लक्षण नाही तर चिठ्ठी नाही."

"आणि चिठ्ठी नाही तर कागद नाही, आणि कागद नाही तर मला लक्षण आहे असं सगळं गाव म्हणतंय!" मिन्को उठून उभा राहिला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "एक मांजर! एक चटई! एका बायकोचा गाऊन! यात लक्षण कुठून आणू मी, डॉक्टर? बोझाना बाईंकडून पुडीत बांधून आणू?" आणि त्यानं टेबलावर मूठ आपटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुठी पाहिल्या होत्या, त्यामुळे हात बरोबर बसला.

"हां," डॉक्टर ताचेव समाधानानं म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. "आता लिहिता येईल."

चिठ्ठीवर 'चिडचिड, मांजराचा वारंवार उल्लेख' असं लिहिलेलं होतं. ते वाचून मिन्कोनं ठरवलं, आता नुसतं बोलून भागायचं नाही. पुरावाच न्यायचा. एका हातात टोपलीतली लुकान्का आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेली चटई घेऊन तो मनाच्या डॉक्टर मुताफोवा बाईंच्या दवाखान्यात जाऊन बसला. शेजारी एक म्हातारी होती. तिनं टोपलीत वाकून पाहिलं.

"काय झालंय हो मांजराला?"

"काही नाही. ती ठणठणीत आहे. मलाच..." म्हातारी हळूच एक खुर्ची सोडून बसली.

मुताफोवा बाई पिकलेल्या केसांच्या, जड पापण्यांच्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, टोपली पाहिली, चटई पाहिली. "सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगत नाही. दाखवतो."

मिन्कोनं जमिनीवर चटई अंथरली, ताज्या पुरचुंड्या खोचल्या, खाऊ पेरला आणि टोपली उघडली. लुकान्का बाहेर आली. तिनं खोलीभर नजर फिरवली, चटईला वळसा घातला, कपाटापाशी गेली आणि पुढचे पाय जुळवून, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी बसली.

"लुकान्का. बाळा. हे बघ."

लुकान्कानं जांभई दिली.

"घरी असं करत नाही हो ती. घरी आधी अशी येते," मिन्को गुडघ्यांवर खाली बसला, "मग असं नाक घालते. मग इथं दाणा सापडला की असा गाल घासते, आधी हा, मग हा. मग एकदम उताणी पडून पाय वर..." पाय वर करून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण मनाच्या डॉक्टरांच्या जमिनीवर उताणे पडलो आहोत, गालाला यान्काच्या गाऊनच्या चिंध्या चिकटल्या आहेत, आणि मांजर आपल्याकडे दयेनं पाहतंय. वर छताला ओलीचा एक डाग होता. त्याकडे बघत तो तसाच पडून राहिला. उठून तरी काय करायचं होतं?

मुताफोवा बाई खुर्चीतून उठल्या, वाकल्या आणि लुकान्काला उचलून त्यांनी तिचं पोट पाहिलं. "इथं टक्कल होतं ना? नवे केस आलेत. छान भरलंय." त्यांनी मांजर खाली ठेवलं. "तुमच्यावर माझा विश्वास आहे, रायचेव. मुळी मांजरीसाठीच होती."

इतके दिवस ज्या एका वाक्यासाठी जीव काढला, ते असं सहज कानावर पडलं. मिन्को उठून बसला. आता आनंद व्हायला हवा होता.

"मांजरीचं झालं," बाई म्हणाल्या. "आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"तेच विचारतेय."

मिन्कोनं तोंड उघडलं. ठरलेलं उत्तर जिभेवर होतं, पण ते या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. बाईंना घाई नव्हती. त्या थांबल्या होत्या. त्याच्या खिडकीशी इतकी माणसं उभी राहिली होती, पण त्याचं ऐकायला असं कुणी थांबलं नव्हतं. चटईची एक झिरमिळी बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "मी दमलोय, डॉक्टर. फार दमलोय."

"बरं झालं बोललात," मुताफोवा बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढं ओढला. "याला आमच्याकडे रकाना आहे."

त्यांनी त्याला कामास योग्य म्हटलं नाही आणि अयोग्यही म्हटलं नाही. सक्तीची विश्रांती लिहिली, चांगली लांबलचक.

हाजिएव साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि फार हळू आवाजात सांगितलं, की मग आता खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या गेन्चेवा बाईंना द्यावी लागेल. गेन्चेवा बाई भल्या होत्या, खुर्चीत नीट मावणाऱ्याही होत्या. मिन्को उभा राहून वाईट वाटायची वाट पाहू लागला. पण घट्ट बूट काढल्यावर पायाला वाटतं तसंच काहीतरी वाटत राहिलं, आणि साहेबांना वाईट वाटू नये म्हणून त्यानं चेहरा जरा पाडला.

विश्रांतीचा पहिला दिवस उजाडला कधी, ते मिन्कोला कळलंच नाही, कारण तो तेव्हा झोपला होता. ऊन खिडकीतून येऊन, पलंगावरून चालून, भिंतीवर चढलं तरी तो झोपलाच होता. लुकान्का त्याच्या पोटऱ्यांवर पडून घोरत होती. शेवटी त्याला जाग आणली ती वासानं. भाजलेल्या मिरच्यांचा वास. उन्हाळा सरताना आमच्या प्रत्येक सज्जात मोठ्या लाल मिरच्या भाजतात. त्यांची साल करपते तेव्हा जो वास सुटतो, तो माणसाला कबरीतूनही उठवेल. मिन्को डोळे न उघडताच उठला. अनवाणी, एका हातानं भिंत चाचपत, नाक पुढं काढून तो मधली खोली ओलांडून गेला, खुर्चीला अडखळला, आणि सज्जात पोचला.

यान्का भट्टीपुढं बसली होती. बोटं काळी झालेली, कपाळावर घाम. तिनं त्याच्याकडे पाहिलं. एक मिरची सोलली, वर मीठ टाकलं, चीजचा तुकडा ठेवला आणि त्याच्यापुढं धरली. तो पालथ्या खोक्यावर बसला आणि खाऊ लागला. गरम रस मनगटावरून पायजम्यावर ओघळत होता. शेजारच्या सज्जातून त्सोना मावशीनं डोकं काढलं, "कसं वाटतंय रे बाळा?" म्हणून विचारलं.

"बरं वाटतंय, मावशी," तो म्हणाला. काही समजावून सांगावं असं त्याला वाटलंच नाही.

इतक्यात आत फोन वाजला. यान्का फडक्याला हात पुसत गेली आणि फोन कानाला लावून सज्जाच्या दारात येऊन उभी राहिली. गेन्चेवा बाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. खालच्या आळीतल्या जुन्या मीटरांचे कागद कुठं आहेत, लोक खिडकीशी ओरडतायत, जरा रायचेवांना द्या, एकच मिनिट.

मिन्को तोंडातला घास तसाच ठेवून उठायला लागला. यान्कानं हात पुढं करून त्याला खाली बसवलं.

"झोपलेत ते," ती फोनमध्ये म्हणाली.

"मग उठतील कधी?"

यान्कानं नवऱ्याकडे पाहिलं. हनुवटीला मिरचीची साल चिकटलेली, केस उभे, पायजम्यावर लाल डाग.

"अजून बरेच दिवस नाही," ती म्हणाली, फोन बंद केला आणि पुढची मिरची सोलायला घेतली.